पायाची शीर, छातीतली धमनी

बायपास झालेला माणूस भेटायला आलेल्यांना हमखास पायावरचा लांबलचक व्रण दाखवतो. दुखणं हृदयाचं, मग टाके पायाला का? तर चोंदलेल्या वाहिनीला वळसा द्यायला तिथली शीर काढून हृदयावर शिवलेली असते.

ही पद्धत 1967 साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये रेने फावालोरो या अर्जेंटिनाच्या सर्जनने रुळवली. शीर लांब मिळते, काढायला सोपी, आणि तिच्यावाचून पायाचं फारसं अडत नाही. पण तिला सवय संथ, कमी दाबाच्या रक्ताची. आत झडपा असतात, म्हणून ती उलटी करून लावावी लागते. नाहीतर रक्त झडपेशीच अडायचं. एकदा हृदयावर गेली की दर ठोक्याला धमनीतल्या दाबाचा तडाखा. भिंत जाड होत जाते, चरबी साचते. दहा वर्षांत अशा निम्म्याच्या आसपास शिरा बंद पडलेल्या आढळायच्या.

छातीच्या मधल्या हाडामागे दोन्ही बाजूंना एकेक धमनी उभी उतरते. डावीचं खालचं टोक सोडवून हृदयाच्या पुढच्या मुख्य वाहिनीला जोडतात. वरचं टोक जागच्या जागी राहतं. जोडायची तोंडं जेमतेम दीड-दोन मिलिमीटरची, धागा केसाहून बारीक. लेनिनग्राडमध्ये वासिली कोलेसोव्ह यांनी हे 1964 मध्येच केलं होतं, पण फारसं कुणी मनावर घेतलं नाही. 1986 मध्ये क्लीव्हलँडच्याच डॉक्टरांनी दहा वर्षांचा हिशेब मांडला: ही धमनी लावलेले रुग्ण जास्त जगले होते. दहा वर्षांनीही दहांतल्या नऊ धमन्या वाहत्या असतात. गंमत म्हणजे ज्याच्या हृदयाच्या वाहिन्या चोंदल्यात, त्याचीच ही धमनी बहुधा स्वच्छ निघते. तिचं अस्तर नायट्रिक ऑक्साइड भरपूर बनवतं, त्यामुळे ती सैल राहते.

मग दोन्ही का नाही वापरायच्या? 7 देशांतल्या 28 हॉस्पिटलांत 3102 रुग्णांवर हे तपासलं गेलं. 2019 मध्ये निकाल आला: दहा वर्षांत दोन धमन्यांच्या गटात 20.3 टक्के मृत्यू, एकीच्या गटात 21.2. म्हणजे फरक नाहीच म्हणायचा. उलट छातीच्या हाडाला रक्त याच धमन्यांचं, त्यामुळे जखम चिघळण्याचं प्रमाण दोनवाल्यांत जास्त. मधुमेह्यांना हा धोका अधिक. पण दोन ठरलेल्यांपैकी बऱ्याच जणांना प्रत्यक्षात एकच लावली गेली, आणि एकीच्या गटात सुमारे पाचांतल्या एकाला बायपाससाठी मनगटाची धमनीही मिळाली, म्हणजे तुलना चोख राहिली नाही. त्यामुळे दुसरी धमनी फुकट, असं मी तरी म्हणणार नाही.

मनगटाच्या धमनीची बाजू तर बरीच भक्कम आहे. 2018 मध्ये 6 चाचण्यांमधले 1036 रुग्ण एकत्र पाहिले, तेव्हा पाच वर्षांत ती शिरेपेक्षा कमी वेळा बंद पडलेली दिसली. हार्ट अटॅकही कमी. तिचा नखरा एकच: मूळ वाहिनीत ब्लॉक किरकोळ असेल, तर तिथलं रक्त हिच्या रक्ताशी स्पर्धा करतं आणि ही आक्रसून जाते.

काढण्याआधी सर्जन मूठ आवळायला लावतात, मनगटाच्या दोन्ही धमन्या दाबतात, मूठ उघडायला सांगून करंगळीकडची तेवढी सोडतात. पांढरा पडलेला तळवा काही सेकंदांत गुलाबी झाला, तर हाताचं भागेल. अँजिओग्राफी ज्या मनगटातून झाली, तिथली धमनी शक्यतो टाळतात. आणि घेतात ती शक्यतो कमी वापराच्या हाताची. म्हणून तपासताना एक प्रश्न हटकून येतो, "तुम्ही डावखुरे का?"