पातं अडलं तर जोर लावायचा नाही

जुन्या विमानाचं गोल इंजिन सुरू होताना बघितलंय का कधी? पंखा दोन-चार झटके घेतो, एखादा सिलिंडर पेटतो, मग दुसरा, आणि एकदम निळसर पांढऱ्या धुराचा एवढा मोठा लोट निघतो की मागचं काही दिसेनासं होतं. शेजारी उभा असलेला कोणीतरी हमखास म्हणतो, "गेलं इंजिन." माझ्या कानावर हे इतक्यांदा आलंय की शेवटी म्हटलं लिहूनच काढू. तो धूर म्हणजे बहुतेक वेळा रात्रभरात खालच्या सिलिंडरांत उतरलेलं तेल असतं, ते मिनिटभरात जळून जातं आणि इंजिन स्वच्छ चालायला लागतं. काळजी धुराची नसतेच. काळजी असते ती त्याच तेलाची, पण इंजिन सुरू व्हायच्या आधीची.

आधी रचना बघू. चार-स्ट्रोक इंजिन शाळेत झालंय, तेच इथे आहे, फक्त सिलिंडर एका रांगेत उभे न करता क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पंखा फिरवणाऱ्या मुख्य दांड्याच्या, भोवती ताऱ्यासारखे लावलेले. म्हणून याला रेडियल इंजिन म्हणतात. एका चकतीत विषम संख्या असते, बरेचदा ९. या सगळ्यांचे कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारे दांडे, क्रँकशाफ्टच्या एकाच खुंटीवर (क्रँकपिनवर) बसवायला जागा नसते म्हणून एक मुख्य रॉड असतो, मास्टर रॉड, आणि बाकीचे आठ त्याच्या कडेला पिनांनी जोडलेले असतात, त्यांना लिंक रॉड म्हणतात. हे लिंक रॉड लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

गाडीच्या इंजिनात पिस्टन वर आणि तेल खाली. इंजिन बंद केलं की तेल आपोआप खालच्या सम्पमध्ये जमा होतं, गुरुत्वाकर्षण आपल्या बाजूने असतं. रेडियलमध्ये मात्र खालचे दोन-तीन सिलिंडर उलटे लटकलेले, म्हणजे त्यांचं डोकं जमिनीकडे. तेल खाली यायला लागलं की ते पिस्टनच्या मागच्या बाजूला साचतं, आणि पिस्टनच्या रिंगांना फट ही असतेच, तिथून थेंब थेंब करत थेट ज्वलनकक्षात उतरतं. हे होऊ नये म्हणून सिलिंडरची नळी क्रँककेसच्या (क्रँकशाफ्टभोवतीच्या कवचाच्या) आत बरीच पुढे काढलेली असते, म्हणजे आजूबाजूचं तेल सरळ ओघळून आत पडत नाही. त्याने फरक पडतो पण पूर्ण थांबत नाही.

शिवाय तेलाचा मुख्य साठा इंजिनात नसतोच. तो वेगळ्या टाकीत असतो. एक पंप टाकीतून तेल ओढून दाबाने बेअरिंगांना देतो आणि दुसरा, स्कॅव्हेंज पंप, इंजिनात गळून पडलेलं तेल उपसून परत टाकीत पाठवतो. हा दुसरा पंप मुद्दाम मोठा ठेवतात, कारण परत येणारं तेल हवा मिसळून फेसाळलेलं असतं, तेवढंच तेल पण जागा जास्त खातं. टाकी बहुधा पंपापेक्षा उंचावर असते. इंजिन उभं असताना ते सगळं तेल पंपातून झिरपत इंजिनात येऊ नये म्हणून मध्ये एक झडप असते. ती झडप जुनी झाली, तिच्या बैठकीवर एखादा कचऱ्याचा कण अडकला, की टाकी हळूहळू इंजिनात रिकामी व्हायला लागते. उड्डाणानंतर लगेच तेल मोजलं, आठवड्याने परत मोजलं आणि जमिनीवर काही सांडलेलं नसताना पातळी बरीच उतरलेली दिसली तर ते तेल कुठे गेलं हे वेगळं सांगायला नको.

आता या लेखाचा खरा विषय. हवा दाबली जाते, तेल जवळजवळ दाबलं जात नाही. हे वाक्य सगळ्यांना माहीत असतं पण त्याचे आकडे कोणी करून बघत नाही, ते करू या. प्रॅट अँड व्हिटनीचं आर-९८५ हे ९ सिलिंडरचं, ४५० अश्वशक्तीचं इंजिन घेऊ, बीव्हर आणि बीच १८ या विमानांना असतं ते. ९८५ हा आकडा म्हणजे घनइंचातलं एकूण आकारमान, म्हणजे एका सिलिंडरला साधारण १.८ लिटर. कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे पिस्टन पूर्ण मागे असतानाची आणि पूर्ण पुढे असतानाची जागा यांचं प्रमाण, ६. म्हणजे पिस्टन पूर्ण पुढे गेल्यावर त्याच्यासमोर जी जागा उरते ती १.८ भागिले ५, सुमारे ३६० मिलिलिटर. एवढीच. दीड पेला तेल त्या सिलिंडरमध्ये साचलं आणि दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना पिस्टन तिकडे निघाला तर त्याला शेवटपर्यंत पोचायला जागाच शिल्लक नाही.

जोर लावला तर? तेल आकारमानाने १ टक्का दाबायला साधारण १५० वातावरणांएवढा दाब लागतो. ३६० मिलिलिटरचा १ टक्का म्हणजे ३.६ मिलिलिटर. पिस्टनचा व्यास १३ सेंटिमीटरच्या थोडा वर, क्षेत्रफळ सुमारे १३६ चौरस सेंटिमीटर, म्हणजे पिस्टन जेमतेम पाव मिलिमीटर पुढे सरकतो आणि तेवढ्यासाठी त्याच्यावर जवळजवळ २० टनांचा भार येतो. पाव मिलिमीटर! आणि हा सगळा भार जातो एका लिंक रॉडवर. याला हायड्रॉलिक लॉक म्हणतात. रॉड वाकतो, कधी सिलिंडरचं डोकंच उडतं.

अर्धवट भरलेला सिलिंडर पण निरुपद्रवी नसतो बरं का. २०० मिलिलिटर तेल आहे असं धरा, मग समोरची जागा उरली १६० मिलिलिटर, म्हणजे कॉम्प्रेशन रेशो ६ वरून १२ च्या वर गेला. इंजिन सुरू होईलही, पण एका सिलिंडरमध्ये भलताच दाब तयार होईल. यातली सगळ्यात वाईट गोष्ट अशी की रॉड किंचित वाकला तर त्या दिवशी काहीच कळत नाही. विमान उडतं, उतरतं, सगळं ठीक वाटतं, आणि वाकलेल्या जागी प्रत्येक फेरीला ताण येत राहून धातू थकतो आणि कित्येक तासांनी कधीतरी हवेत तो रॉड तुटतो. तेव्हा पायलटला आठवतही नसतं की महिन्यापूर्वी एका सकाळी स्टार्टर मारल्यावर पंखा एकदा अडखळला होता.

म्हणून उभं राहिलेलं रेडियल सुरू करायच्या आधी प्रोपेलर, म्हणजे पंखा, हाताने फिरवतात. मॅग्नेटो (ठिणगीसाठी वीज देणारे) बंद आहेत, थ्रॉटल बंद आहे, मिक्स्चर तोडलेलं आहे, म्हणजे इंधन बंद आहे, हे दोनदा बघायचं, तरी प्रत्येक वेळी इंजिन पेटू शकतं असंच धरून उभं राहायचं. मग पातं धरून संथपणे, इंजिन फिरतं त्याच दिशेने ओढायचं. चांगल्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन हाताला लागतं, उशीवर हात दाबल्यासारखा मऊ विरोध येतो, वाढत जातो आणि मग फुस्स करून सुटतो. तेल असेल तर ते मऊपण नसतं. पातं एकदम थांबतं, भिंतीला टेकल्यासारखं. एकदा तो फरक हाताला कळला की विसरत नाही.

आणि इथे जोर लावायचा नाही. पुष्कळांना वाटतं की हाताने काय मोडणार, स्टार्टरने मोडतं. तसं नाही. पिस्टन टोकाच्या जवळ आला की क्रँक आणि रॉड जवळजवळ एका रेषेत येतात आणि थोड्याशा पिळाचा प्रचंड रेटा होतो. पातं मध्यापासून १ मीटरवर धरून ३० किलोचा जोर लावला आणि क्रँक टोकापासून ५ अंशांवर असेल तर या इंजिनात पिस्टनवर ४ टनांच्या आसपास रेटा येतो. दोघातिघांनी मिळून "हं, आता" करून ढकललं की रॉड वाकवायला तेवढं पुरतं.

मग करायचं काय, तर खालच्या सिलिंडरांचे स्पार्क प्लग खोलायचे. प्लग शेवटच्या आट्यावर आला की पान्याच्या कडेने काळं तेल झिरपायला लागतं, प्लग हातात आला की धार लागते, खाली ट्रे धरलेला असावा लागतो. धार थांबली की पंखा परत फिरवायचा, आणखी थोडं बाहेर फेकलं जातं. एक प्लग काढून "झालं" म्हणू नये, तळातले सगळे काढून बघावेत.

उलटं फिरवायचं तर मुळीच नाही. उलटं फिरवलं की पातं लगेच मोकळं होतं म्हणून मोह होतो. पण उलट्या फेरीत पिस्टन सिलिंडरमधलं तेल उघड्या इनटेक व्हॉल्व्हमधून इनटेक पाइपात ढकलतो. हाताला वाटतं तेल गेलं, ते फक्त शेजारच्या खोलीत गेलेलं असतं. मग इंजिन सुरू झालं, वेग घेतला, की पाइपातलं ते सगळं तेल एका दमात सिलिंडरमध्ये ओढलं जातं आणि या वेळी पिस्टन हाताच्या वेगाने येत नसतो. याच कारणाने काही इंजिनांना, विशेषतः रशियन बनावटीच्या एम-१४ ला, खालच्या इनटेक पाइपांत निचऱ्याचे नळ बसवून घेतात.

किती पाती हाताखालून फिरवायची यावर मात्र मी भरपूर मंत्रतंत्र ऐकलंय. कोणी ९ म्हणतो कारण ९ सिलिंडर, कोणी १२, कोणी १५, आणि विचारलं का तर "आमच्याकडे पहिल्यापासून असंच". हा शकुनाचा आकडा नाही, साधं गणित आहे. सगळे सिलिंडर एकदा कॉम्प्रेशनमधून जायला क्रँकच्या दोन फेऱ्या लागतात. आर-९८५ मध्ये पंखा थेट क्रँकवर असतो, म्हणजे दोन पात्यांचा असेल तर ४ पाती, तीन पात्यांचा असेल तर ६. डीसी-३ विमानावरच्या ट्विन वास्प इंजिनात मध्ये गिअर आहेत, क्रँक १६ फेऱ्या फिरला की पंखा ९ फिरतो, तिथे तीन पात्यांच्या पंख्याला साडेतीनच्या आत काम होतं. एवढं किमान झालंच पाहिजे, दुप्पट केलं तर उत्तम. आकडा पाठ करून हात भलतीकडे आणि लक्ष तिसरीकडे असेल तर पन्नास पाती फिरवूनही उपयोग नाही, कारण आपण इथे हाताने मोजमाप घेतोय.

तेल उतरूच नये म्हणून टाकीखाली हाताने बंद करायचा कॉक बसवण्याची पद्धत आहे. त्याने लॉक टळतो, पण कॉक उघडायचा राहिला तर इंजिन कोरडं फिरतं आणि मास्टर रॉडचं बेअरिंग, ज्याच्यावर नऊच्या नऊ सिलिंडरांचा भार असतो, बघता बघता जातं. कॉक बसवायचाच तर त्याला स्विच जोडून घ्यावा, म्हणजे तो उघडल्याशिवाय स्टार्टरच फिरणार नाही. त्यापेक्षा सोपी सवय म्हणजे उतरल्यावर लगेच इंजिन बंद न करता मिनिटभर हलक्या वेगात चालू ठेवणं. स्कॅव्हेंज पंपाला क्रँककेस उपसायला वेळ मिळतो आणि मग झिरपायला तेलच कमी उरतं.

तेल कुठलं घालायचं? पहिलं म्हणजे एरंडेल नाही. एरंडेल वापरायचे ते पहिल्या महायुद्धातल्या रोटरी इंजिनांत, जिथे क्रँकशाफ्ट विमानाला पक्का आणि अख्खं इंजिनच पंख्याबरोबर गरगरायचं. दिसायला सारखी म्हणून लोक दोन्ही एकच समजतात. रेडियल स्थिर असतं, त्याला खनिज तेल लागतं, तेही चांगलं जाड, विमानाच्या भाषेत ग्रेड १०० किंवा १२०, म्हणजे गाडीच्या मोजणीत एसएई ५० किंवा ६०. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात भाग खूप तापतात, फुगतात, म्हणून फटी मोठ्या ठेवलेल्या असतात, पातळ तेल तिथे टिकत नाही. गाडीचं महागडं तेल घातलं तर इंजिन खूश होईल हा गैरसमजही सोडा. त्यात कॅल्शियम, जस्त असे धातू मिसळलेले असतात, रेडियल तेल जाळतंच, मग त्यांची राख पिस्टनच्या डोक्यावर जमते, लालभडक तापते आणि ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटतं. बाटलीतून विकल्या जाणाऱ्या "इंजिन नव्यासारखं" वाल्या औषधांबद्दल माझं मत याच्यापुढचं आहे: इंजिनाच्या उत्पादकाने परवानगी दिली नसेल तर ती बाटली विमानाजवळ आणूच नये.

राख न सोडणारी पण मळ धरून ठेवणारी विमानाची तेलं मिळतात, ती चांगली. फक्त ज्या इंजिनाने वर्षानुवर्षं साधं तेल प्यायलंय त्यात ती घातली की क्रँकच्या पोकळ्यांत आणि प्रोपेलरच्या घुमटात साठलेला चिखल सुटायला लागतो आणि तेल गाळणाऱ्या जाळीवर येऊन बसतो. म्हणून तेल बदलल्यावर पहिल्या काही तासांतच जाळी काढून बघायची.

आणखी एक, आठवड्याला दहा मिनिटं जागेवर इंजिन चालवलं की त्याची तब्येत चांगली राहते म्हणतात. उलट आहे. जळण्यातून पाण्याची वाफ तयार होते, थोडी रिंगांमधून तेलात उतरते, आणि तेल नीट तापून बराच वेळ तापलेलं राहिलं तरच ती उडून जाते. दहा मिनिटांत ते होत नाही. पाणी आत राहतं, आम्ल तयार होतं, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमवर गंज धरतो. उडवायचं तर नीट उडवा, नाहीतर इंजिन साठवणुकीच्या पद्धतीने बंद करून ठेवा.

जाळी तपासणं हे मला या सगळ्यातलं सर्वात आवडतं काम. जाळी स्वच्छ भांड्यात धुवायची, ते द्रावण पांढऱ्या फडक्यातून गाळायचं आणि उजेडात बघायचं. काळे कण नखाखाली चुरडले तर कार्बन, त्याचं फार काही नाही. चुंबकाला चिकटले तर पोलाद, म्हणजे गिअर, रोलर किंवा रिंग. चुंबकाला न चिकटणारा चकचकीत कण कॉस्टिक सोड्यात टाकून बुडबुडे आले तर अ‍ॅल्युमिनियम, मग पिस्टनकडे बघायचं. पिवळसर असेल तर ब्राँझ, एखादा बुश झिजतोय. आणि पातळ पांढरी पापडी, ना चुंबकाला चिकटत, ना सोड्यात फसफसत, ती चांदी असू शकते. बऱ्याच इंजिनांत मास्टर रॉडच्या बेअरिंगवर चांदीचा थर असतो. तशा पापड्या फडक्यावर दिसल्या तर त्या दिवशी विमान उडत नाही, इंजिन खाली उतरतं.