बालवर्गातील दैनंदिन शिक्षणकृती

साधारण तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या वर्गात रोज होणारे खेळ, गाणी, गोष्टी, हस्तकाम, गप्पा आणि आपले आपण करायच्या कामांचा सराव यांना एकत्रितपणे शिक्षणकृती म्हणतात. या वयात खेळ आणि अभ्यास यांची वेगळी खाती नसतात. मूल वस्तू हाताळते, पाडते, पुन्हा रचते, त्याबद्दल बोलते, आणि शिकणे त्यातच घडत असते. बाहेरून पाहणाऱ्याला हे ‘नुसतेच खेळणे’ वाटते. प्रत्यक्षात नीट चालणाऱ्या बालवर्गात कोणती वस्तू कुठे ठेवायची, कधी बाहेर काढायची आणि मुलाशी काय बोलायचे याचा शिक्षिकेने बारकाईने विचार केलेला असतो.

या पद्धतीचा पाया जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी घातला. १८३७ मध्ये बाड ब्लांकनबुर्ग येथे त्यांनी लहान मुलांसाठी संस्था सुरू केली आणि १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिले. लोकरीचे रंगीत चेंडू, लाकडी गोल, घन आणि दंडगोल, आठ लहान घनांत सुटा होणारा मोठा घन अशी साधने त्यांनी क्रमाने मुलांच्या हाती दिली. जोडीला घडीकाम, कागदाचे विणकाम आणि मातीकाम होते. १८५१ मध्ये प्रशियाच्या सरकारने अशा शाळांवर बंदी घातली. ती १८६० मध्ये उठली, पण फ्रोबेल त्याआधीच, १८५२ मध्ये निवर्तले होते. पुढे १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेंझो वस्तीत डॉ. मारिया माँटेसरी यांनी बालगृह उघडले आणि इंद्रियशिक्षणाच्या साधनांना शास्त्रीय शिस्त दिली. गुजराती शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केले. त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी हा विचार मराठीत रुजवला.

दिवसाची सुरुवात बहुधा गोलात बसून होते. हजेरीसाठी नावांच्या पट्ट्या मांडून ठेवल्या, की प्रत्येक मूल आपली पट्टी शोधून फळ्यावर लावते. अजून एकही अक्षर न शिकलेले मूलही आपले नाव आकारावरून ओळखते, आणि शेजारच्या नावाची सुरुवात आपल्यासारखीच आहे हे एके दिवशी त्याच्या आपोआप लक्षात येते. गोलातल्या गप्पा मात्र आटोपशीर हव्यात. चार वर्षांच्या मुलाला वार आणि तारखांची रोजची उजळणी फारशी कळत नाही. ‘काल’ आणि ‘उद्या’ हेच त्याला अजून पक्के व्हायचे असतात.

बडबडगीते आणि अभिनयगीते यांचे काम करमणुकीपुरते नसते. यमकामुळे कान शब्दांच्या शेवटाकडे वळतो. ‘कपाट’ म्हणताना क-पा-ट अशा तीन टाळ्या वाजवल्या, की शब्दाचे तुकडे पडतात हे समजते. ‘क’ने सुरू होणाऱ्या वस्तू वर्गात शोधायचा खेळ त्यापुढचा. ध्वनी वेगळे ऐकू येणे हा वाचनाचा खरा पाया आहे. तो नसेल तर पाठ केलेली मुळाक्षरे नुसती माळ बनून राहतात.

गोष्टीच्या वेळी चित्रे दाखवत, बोट फिरवत वाचले जाते. अक्षरे डावीकडून उजवीकडे जातात, पान संपले की उलटायचे, कितीही वेळा वाचले तरी लिहिलेला मजकूर तोच राहतो, हे मूल पाहून शिकते. तीच गोष्ट पुन्हा मागितली तर ती पुन्हा वाचावी. पहिल्यांदा ऐकताना मूल ‘पुढे काय’ यात गुंतलेले असते. नंतरच्या वाचनांत त्याला शब्द सापडतात, पात्र असे का वागले याचा विचार सुचतो.

ठोकळ्यांचा कोपरा हा वर्गातला सर्वांत समृद्ध कोपरा म्हणावा लागेल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन शिक्षिका कॅरोलाइन प्रॅट यांनी बनवलेल्या लाकडी ठोकळ्यांत जाडी, रुंदी आणि लांबी यांचे प्रमाण १:२:४ असते. त्यामुळे दोन अर्धे ठोकळे शेजारी ठेवले की एका पूर्ण ठोकळ्याएवढे होतात, आणि पूल बांधताना एक लांब ठोकळा कमी पडला तर त्याच्या जागी दोन आखूड चालतात. अपूर्णांकांची ही ओळख हाताला होते, ‘अपूर्णांक’ हा शब्द कानावर पडण्याच्या कितीतरी आधी. मनोरा कोसळला, की शिक्षिकेपुढे दोन वाटा असतात. ती स्वतः तो नीट रचून देऊ शकते, किंवा विचारू शकते, “का पडला असेल रे?” मूल म्हणते, “ताई, खालचा छोटा होता.” मग ते मोठा ठोकळा तळाशी घेते. दुसऱ्या वाटेत मुलाने कारण शोधले आणि ते तपासूनही पाहिले. ‘छान’, ‘शाब्बास’ एवढे म्हणून पुढे जाणाऱ्या शिक्षिकेपेक्षा असा एक प्रश्न विचारून थांबणारी शिक्षिका मुलाला पुष्कळ जास्त देते.

मोजण्याचेही तसेच. शंभरपर्यंत अंक म्हणणे आणि पाच बिया मोजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोजताना एका वस्तूला एकच अंक द्यावा लागतो, अंकांचा क्रम राखावा लागतो, आणि शेवटचा अंक हीच एकूण संख्या हे उमगावे लागते. पुष्कळ मुले ‘एक, दोन, तीन, चार, पाच’ असे अचूक मोजतात, पण लगेच “मग किती आहेत?” असे विचारले, तर उत्तर न देता पुन्हा पहिल्यापासून मोजू लागतात. स्विस मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांनी दाखवलेला प्रयोग कोणत्याही वर्गात करून पाहता येतो. बटणांच्या सारख्या दोन ओळी मांडायच्या, मग एक ओळ मुलासमोरच थोडी पसरायची. चार-पाच वर्षांची बरीच मुले पसरलेल्या ओळीत बटणे जास्त झाली असे सांगतात. उत्तर सांगून हा समज जात नाही. प्रत्येकाला एकेक पेला वाटणे, पायऱ्या मोजत चढणे, मणी ओवताना दोन लाल-एक पिवळा असा क्रम चालवणे अशा रोजच्या कामांतून तो हळूहळू मागे पडतो.

लेखनाची तयारी पेन्सिलीच्या पुष्कळ आधी सुरू होते. माती मळणे, कागद फाडून चिकटवणे, कात्री चालवणे, चिमट्याने बिया उचलणे, बटणे लावणे यांनी बोटांतले लहान स्नायू बळकट होतात. झोके आणि चढणे-उतरणे यांनी खांदा आणि मनगट स्थिर होते. खडू आधी मुठीत धरला जातो, नंतर तीन बोटांत येतो. माँटेसरी पद्धतीत खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवत अक्षराचे वळण हाताला कळवतात. देवनागरीसाठी उभ्या, आडव्या, तिरप्या रेषा आणि अर्धगोल यांचा सराव उपयोगी पडतो, आणि मग ग, म, भ, न अशी एकमेकांसारखी वळणे असलेली अक्षरे एकत्र घेता येतात. हाताची तयारी नसताना साडेतीन वर्षांच्या मुलाकडून पानेच्या पाने गिरवून घेणे हा निव्वळ त्रास आहे. पालकांना वही भरलेली दिसावी म्हणून तो दिला जातो. त्यातून अनेकदा चुकीची पकड आणि लिहिण्याची नावड तेवढी मागे उरते.

भातुकली, दुकान, दवाखाना अशा नाटकी खेळांना रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की यांनी फार महत्त्व दिले. काठीचा घोडा करणारे मूल वस्तू आणि अर्थ यांची फारकत करायला शिकते, आणि डॉक्टर झालेले मूल डॉक्टरला शोभेल असे वागायचे म्हणून स्वतःला आवरते. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मिल्ड्रेड पार्टेन यांनी १९३२ मध्ये मांडलेल्या निरीक्षणांनुसार मुले आधी एकटी, मग एकमेकांशेजारी पण आपापली, आणि पुढे एकत्र ठरवून खेळू लागतात. म्हणून तीन वर्षांच्या मुलाला ‘वाटून घे’ असे नुसते बजावून भागत नाही. वाळूचे घड्याळ ठेवून पाळी लावली, “तुला राग आलाय, ते तिला सांग,” असे शब्द पुरवले, तर भांडणही शिकण्याची कृती ठरते.

हात धुणे, डबा उघडणे, सांडलेले पाणी पुसणे, खेळणी जागेवर ठेवणे यांना रोज पुरेसा वेळ राखून ठेवावा लागतो, कारण घाईत मोठी माणसे ही कामे मुलांच्या हातून काढून घेतात.

मूल्यमापन लेखी परीक्षेने होत नाही. शिक्षिका तारीख घालून थोडक्यात नोंदी ठेवते: आज कोण कोणासोबत खेळले, कोणी किती वेळ एका कामात राहिले, कोणी कोणता नवा शब्द वापरला. चित्रे आणि रचनांचे नमुने त्यांना जोडले जातात. उद्या ठोकळ्यांत उतरत्या फळ्या ठेवाव्यात की जास्त जाडीचे मणी काढावेत, हे या नोंदी वाचून ठरते.