मोठ्या दवाखान्याला निघण्याआधी बायोप्सीचा ब्लॉक घेऊन जा

बायोप्सीचा रिपोर्ट हातात पडला की घरात कुणाचं चित्त थाऱ्यावर राहत नाही. मिळेल त्या गाडीने लोक निघतात. मागच्या उन्हाळ्यात जिंतूरकडचा एक मुलगा आईला असाच देवगिरीने मुंबईला घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, "सर, इथं ब्लॉक मागायलेत." तपासलेला गाठीचा तुकडा, म्हणजेच ब्लॉक, इथं आमच्या लॅबमध्येच होता. तेवढ्यासाठी मुलगा परभणीला परत आला आणि आई तिकडं धर्मशाळेत एकटी राहिली. असे फोन आम्हाला नेहमी येतात, म्हणून हे लिहून देत आहोत.

संभाजीनगर, बार्शी, मुंबई, कुठंही जा. कॅन्सरचे डॉक्टर उपचार ठरवण्याआधी निदान बहुधा पुन्हा पडताळून घेतात. त्याला स्लाइड (गाठीचे पातळ काप लावलेल्या काचा) आणि ब्लॉक लागतात, नुसता कागद पुरत नाही. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा. काडेपेटीहून लहान प्लास्टिकची चौकट, पांढरट मेण, त्यात डाळीएवढा करडा तुकडा आणि कडेला नंबर. तो नंबर रिपोर्टवरच्या नंबराशी इथंच जुळवून घ्या. स्तनाच्या कॅन्सरमध्ये ईआर, पीआर, हर-टू या कोणतं औषध लागू पडेल ते सांगणाऱ्या तपासण्या याच तुकड्याचे पातळ काप काढून करतात. ब्लॉक नसेल तर कधीकधी पेशंटला पुन्हा बायोप्सी करावी लागते.

"आमचाच तुकडा, मग सही कशाला?" असं काहीजण चिडून विचारतात. तो हरवला तर दुसरा कुठून आणणार? म्हणून आधार बघून, रजिस्टरमध्ये सही घेऊनच आम्ही देतो. नातेवाईक येणार असेल तर पेशंटची चिठ्ठी पाठवा. सकाळी फोन केला तर संध्याकाळपर्यंत ब्लॉक-स्लाइड काढून ठेवतो. गाडीच्या तासभर आधी आलात तर घाईत चूक होण्याची भीती असते. काचा फुटू नयेत म्हणून डबी आम्ही देतो, तिचे पैसे नाहीत. ती गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, आपल्याकडच्या उन्हात मेण मऊ पडतं.

सोबत सीटी-एमआरआयच्या फिल्म आणि सीडी, जुनी डिस्चार्ज कार्डं, चालू गोळ्यांच्या पट्ट्या घ्या. रक्त पातळ करायची गोळी असेल तर ती आधी दाखवा. सरकारी आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधार मूळ प्रतीसह ठेवा. तंबाखूचं विचारलं तर खरं सांगा, घरच्यांसमोर लाजू नका.

केमो सुरू झाल्यावर दर वेळी आधी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, करावी लागते. ती आमच्याकडे होते, सकाळी रक्त दिलं की रिपोर्ट त्याच दिवशी मिळतो.