लकव्यानंतरची चाल आणि पांदणीचा रस्ता

गडचिरोलीच्या खेड्यांत ‘सर्च’ संस्थेने मृत्यूंची कारणं तपासली, तेव्हा सगळ्यात वर लकवा निघाला. दर सात मृत्यूंमागे साधारण एक. लकव्यातून जे वाचतात ते काठी धरून घरी येतात, आणि घरच्यांना एकच गोष्ट विचारायची असते: वावरात जाता येईल का?

दवाखान्यात याचं उत्तर गुळगुळीत फरशीवर शोधतात. दहा मीटर चालवायचं आणि वेळ मोजायचा. वेग सेकंदाला ०.८ मीटरच्या वर गेला, तर माणूस घराबाहेर बऱ्यापैकी वावरू शकेल असं मानतात. चाचणी सोपी आहे, कामाचीही आहे. पण डॉक्टर बघत असले की पेशंट जोर लावून चालतो, आणि फरशीवर ढेकळं नसतात.

म्हणून पायाला बांधायचे सेन्सर. काडेपेटीएवढी डबी नडगीवर किंवा पावलावर पट्ट्याने बसवतात. तिच्यातला त्वरणमापी वेगातला बदल टिपतो, तर गायरोस्कोप पाय किती झपाट्याने वळतो ते टिपतो. मोबाइल आडवा धरला की स्क्रीन फिरते, ती अशाच त्वरणमापीमुळे.

अडचण अशी, की त्वरणावरून अंतर काढायला दोनदा बेरीज करावी लागते आणि प्रत्येक बेरजेत बारीक चूक साचत जाते. मिनिटभरात हिशेब कुठल्या कुठे भरकटतो. यावरचा उपाय मला फार देखणा वाटतो. चालताना प्रत्येक पाऊल क्षणभर जमिनीवर पूर्ण टेकतं, तेव्हा त्याचा वेग शून्य असतो. गणित ते क्षण हेरतं आणि दर पावलाला साचलेली चूक पुसून टाकतं.

एक पाय टेकल्यापासून तोच पाय पुन्हा टेकेपर्यंत चालीचं एक चक्र होतं. निरोगी चालीत एक पाय या चक्रातला सुमारे ६० टक्के वेळ जमिनीवर आणि ४० टक्के हवेत असतो. लकव्यानंतर दुबळ्या पायावर भार द्यायची भीती वाटते, म्हणून तो लवकर उचलला जातो आणि चांगला पाय जास्त वेळ टेकून राहतो. पंजा लोंबत असेल तर पाय बाजूने गोल फिरवून पुढे आणावा लागतो. ही तफावत सेन्सर आकड्यांत मांडतो. ती घोट्याच्या अशक्तपणामुळे आहे, ताठरपणामुळे की नुसत्या भीतीमुळे, हे मात्र फिजिओथेरपिस्टने हात लावून तपासल्याशिवाय कळत नाही.

पांदणीवर आणखी पंचाईत. पावसाळ्यात काळ्या मातीत पाऊल घसरतं, म्हणजे तो शून्य वेगाचा क्षणच नीट सापडत नाही. मऊ जमिनीवर टाच टेकल्याचा ठोकाही बोथट होतो. बूट घालून सपाट जमिनीवर चालणाऱ्यांवरून बसवलेलं गणित अनवाणी निंदायला जाणाऱ्या बाईची चाल चुकीची वाचू शकतं. त्यामुळे छापील सरासरीशी तुलना करण्यापेक्षा तिच्याच मागच्या महिन्याच्या नोंदीशी, त्याच वाटेवर आणि जमीन तशीच कोरडी असताना, ताडून पाहिलेलं बरं.