बाटलीतले यीस्ट आणि आंबेमोहोराचा वास

बेल्जियममधील लूव्हेन येथे संशोधन करणारी माझी भाची दोन वर्षांपूर्वी सुट्टीत पुण्याला आली, तेव्हा तिने ग्यूझ नावाच्या आंबट बिअरची एक बाटली सोबत आणली होती. घरातल्या सर्वांचे लक्ष गेले ते लेबलावरच्या तारखेकडे. 'या तारखेपर्यंत उत्तम' असे सांगणारी ती तारीख बाटली भरल्यापासून तब्बल २० वर्षे पुढची होती. छपाईची चूक असावी, असे बहुतेकांचे मत पडले, कारण आपल्याकडे बिअरची मुदत महिन्यांत मोजली जाते आणि आंबट झालेली बिअर म्हणजे बिघडलेली बिअर, हे सर्वांनी गृहीतच धरलेले असते. तारीख मात्र बरोबर होती. आंबणे आणि नासणे या दोन क्रियांसाठी मराठीत दोन वेगळे शब्द आहेत, आणि या बाटलीतला सारा प्रकार पहिल्या शब्दात बसणारा आहे.

ग्यूझ ज्यापासून बनते ती लॅम्बिक ही बिअर ब्रुसेल्स शहरात आणि त्याच्या नैऋत्येला असलेल्या पायोटनलँड या भागात, सेन नदीच्या खोऱ्यात तयार होते. तिच्यात साधारण दोन तृतीयांश मोड आणून वाळवलेले जव आणि एक तृतीयांश कच्चा गहू असतो. इतर बिअर करताना धान्याच्या गोड काढ्यात निवडक यीस्ट घालतात, म्हणजे दुधाला विरजण लावावे तसेच. लॅम्बिकला मात्र विरजण लावत नाहीत. इडलीचे पीठ जसे भांड्यातल्या, डाळीवरच्या आणि तांदळावरच्या सूक्ष्मजीवांच्या बळावर आपोआप फुगते, तसाच हा काढाही आपोआप आंबू दिला जातो. कित्येक तास उकळलेला काढा माळ्यावरच्या कूलशिप नावाच्या रुंद, उथळ पात्रात ओततात आणि रात्रभर उघड्यावर निवू देतात. हे काम ऑक्टोबर ते एप्रिल या थंडीच्या महिन्यांतच होते. रात्रीचे तापमान उणे ३ ते अधिक ८ अंश सेल्सियसच्या दरम्यान असावे, अशी अँडरलेख्त येथील काँतियों या जुन्या भट्टीची अपेक्षा असते. नोव्हेंबर २०१५ मध्ये रात्री अवेळी उबदार राहू लागल्या, तेव्हा या भट्टीला काही काळ उत्पादन थांबवावे लागले होते. काढा सावकाश निवला, तर नको असलेल्या जिवाणूंना वाढायला अधिक वेळ मिळतो.

यानंतर ओकच्या पिंपांत एकामागून एक सूक्ष्मजीवांच्या पाळ्या येतात. बेल्जियन संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हा क्रम नीट मांडलेला आहे. पहिल्या महिन्यात आतड्यांतील जिवाणूंच्या कुळातले जिवाणू असतात. दोन महिन्यांच्या सुमारास त्यांची जागा सॅक्रोमायसिस हे नेहमीचे यीस्ट आणि लॅक्टिक आम्ल बनवणारा पेडिओकोकस घेतात. सहा महिन्यांनंतर ब्रेटॅनोमायसिस हे यीस्ट दिसू लागते. पहिल्या पाळीचे जिवाणू वाढत्या आम्लात आणि मद्यार्कात तग धरत नाहीत. काढ्यात घातलेले हॉप्स, म्हणजे बिअरला कडूपणा देणारी फुले, मुद्दाम दोन-तीन वर्षे जुने वापरतात, कारण त्यांचा कडूपणा बराचसा ओसरलेला असतो, पण जिवाणूंना आवर घालण्याचा गुण काही प्रमाणात शिल्लक असतो.

सेन खोऱ्याच्या हवेतच काही अद्भुत आहे आणि जगात दुसरीकडे कुठेही हे घडणार नाही, असे अनेक जण श्रद्धेने सांगतात. हा समज टिकणारा नाही. अमेरिकेत याच पद्धतीने बनवलेल्या बिअरचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात सूक्ष्मजीवांच्या पाळ्यांचा तोच सर्वसाधारण क्रम आढळला आणि त्यांतले बरेचसे सूक्ष्मजीव भट्टीच्या इमारतीतच वस्ती करून असल्याचे दिसून आले. पिढ्यान्‌पिढ्या वापरलेली पिंपे, तुळया आणि भिंती हेच तिथले विरजण आहे. खोऱ्याचे श्रेय त्यामुळे कमी होत नाही, ते हवेकडून माणसांनी जपलेल्या लाकडाकडे जाते, एवढेच.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहावासा वाटला, त्या ब्रेटॅनोमायसिसकडे वळू. डेन्मार्कमधील कार्ल्सबर्ग या बिअर कंपनीच्या प्रयोगशाळेतील क्लाउसेन यांनी १९०४ साली साठवणुकीच्या इंग्रजी बिअरमधून हे यीस्ट वेगळे काढले, म्हणून त्याच्या नावात ब्रिटन आले. नेहमीचे यीस्ट एका, दोन किंवा फार तर तीन घटकांच्या साखरा खाते. त्याहून लांब साखळ्या, म्हणजे डेक्स्ट्रिन, त्याला पचत नाहीत. लॅम्बिकचे कारागीर अशा साखळ्या काढ्यात मुद्दाम शिल्लक ठेवतात. धान्य भिजवताना सुटणारे दुधट, पिठूळ पाणी ते वेळोवेळी काढून उकळतात. त्यामुळे स्टार्च तोडणारी विकरे निकामी होतात आणि तुटायच्या राहिलेल्या साखळ्या तशाच काढ्यात उतरतात. ब्रेटॅनोमायसिसकडे अल्फा-ग्लुकोसिडेज हे विकर असते. ते साखळीच्या टोकाचा एकेक ग्लुकोज सुटा करते. हे काम इतके संथ असते की एक वर्षाच्या लॅम्बिकमध्ये खाण्याजोगे बरेच काही उरलेले असते आणि तीन वर्षांच्या लॅम्बिकमध्ये जवळपास काहीच नसते.

ग्यूझची सारी कल्पना या फरकावर उभी आहे. एक, दोन आणि तीन वर्षांच्या लॅम्बिक एकत्र करून जाड काचेच्या बाटलीत भरतात आणि बूच मारतात. तरुण लॅम्बिक अन्न पुरवते, जुनी लॅम्बिक चव आणि कसलेले यीस्ट पुरवते. एक ग्रॅम साखर आंबली की जवळजवळ अर्धा ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि बूच असल्यामुळे तो आतच विरघळून राहतो. मिश्रण करणाऱ्याला तरुण लॅम्बिकचे प्रमाण चव घेऊन आणि मोजून ठरवावे लागते, कारण ती कमी पडली तर बिअर निर्जीव राहते आणि जास्त झाली तर बाटली धोक्यात येते. उष्णतेने हे गणित किती बिघडते, हे २००९ साली बेर्सेलच्या ड्री फोन्टेनन या लॅम्बिक भट्टीत दिसले. तापमान नियंत्रक बिघडून गोदाम तापले, हजारो बाटल्या फुटल्या किंवा वाया गेल्या आणि वाचलेल्या बिअरचे ऊर्ध्वपातन करून मद्य काढावे लागले.

भाचीने आणलेली बाटली आम्ही उघडली, तेव्हा पहिल्या वासात लिंबाची साल, ओले गवत आणि तबेल्याची आठवण करून देणारी एक छटा होती. तबेल्याचा हा वास ४-इथाइलफिनॉल या रेणूचा, आणि तो धान्यातल्या आम्लांपासून ब्रेटॅनोमायसिसच घडवते. घोट गिळून झाल्यावर दहा-बारा सेकंदांनी मात्र जिभेच्या मागच्या बाजूला वेगळेच काही उमटले: भाजलेल्या लाह्या, पोळीचा करपलेला पापुद्रा आणि त्यामागे उंदरांच्या पिंजऱ्यासारखा कुबट दर्प. पेला नाकाशी धरला तर त्याचा मागमूसही नव्हता.

या दोषाला जाणकार 'उंदरी' म्हणावा अशा अर्थाच्या नावाने ओळखतात आणि तो मुख्यतः टेट्राहायड्रोपिरिडिन गटातल्या रेणूंमुळे येतो. काही लॅक्टिक जिवाणू आणि ब्रेटॅनोमायसिस लायसिन या अमिनो आम्लापासून, मद्यार्काच्या उपस्थितीत, हे रेणू तयार करतात, आणि बाटली भरताना शिरलेल्या ऑक्सिजनमुळे त्यांना चालना मिळते. या रेणूंतला नायट्रोजन आम्लधर्मी द्रवात एक प्रोटॉन जोडून घेतो. प्रोटॉन जोडलेला रेणू विद्युतभारित असतो, तो पाण्याला धरून राहतो आणि हवेत उडत नाही, म्हणून ३.३ ते ३.५ पीएच असलेल्या ग्यूझला वरून त्याचा वास येत नाही. लाळेचा पीएच ७ च्या जवळ असतो. घोट लाळेत मिसळला की आम्लता उतरते, प्रोटॉन सुटतो, रेणू भाररहित होऊन उडतो आणि घशाच्या मागून नाकात पोहोचतो. प्रत्येकाच्या लाळेत फरक असल्यामुळे तो कुणाला तीव्र जाणवतो, तर कुणाला मुळीच जाणवत नाही.

मराठी वाचकाला यात एक ओळखीची खूण सापडते. या दोषाला कारणीभूत असलेल्या तीन प्रमुख रेणूंपैकी एक आहे २-अॅसिटाइल-१-पायरोलिन, आणि आंबेमोहोर व बासमती तांदूळ शिजताना जो सुगंध घरभर पसरतो, त्याच्या मुळाशीही हाच रेणू आहे. ताटात जो हवाहवासा वाटतो, तोच पेल्यात आपल्या भावंडांसह दोष ठरतो. वाइनचे परीक्षक द्रवाचा थेंब तळहातावर चोळून हुंगतात, कारण त्वचेची आम्लता वाइनपेक्षा कमी असते. आम्ही तसेच केले. एका पेल्यात चिमूटभर खाण्याचा सोडाही टाकला. फेस बसल्यावर दोन्हीकडून शिळ्या भाताचा आणि लाह्यांचा वास स्पष्ट आला.

हा दोष बहुधा काही महिन्यांत, कधी वर्षभरात, बाटलीतच मावळतो, म्हणून बाटली साठवण्याला अर्थ आहे. तळघराचे तापमान १० ते १५ अंशांच्या आसपास स्थिर असावे आणि अंधार असावा. पुण्याच्या उन्हाळ्यात स्वयंपाकघराच्या फडताळावर ठेवलेल्या बाटलीकडून काही अपेक्षा करू नये. चेरी घातलेली क्रीक मात्र फार जपून ठेवू नये, कारण फळाचा रंग आणि ताजेपणा आधी जातो आणि आम्लता मागे उरते. जुन्या बाटल्यांना लिलावात मिळणारी किंमत दुर्मिळतेची असते, ती चवीची हमी देत नाही. आंबट बिअर आतड्यांना हितकर असते, हा अलीकडे पसरवला जाणारा दावाही मला मान्य नाही. तिच्यात पाच ते सात टक्के मद्यार्क असतो आणि शरीराच्या लेखी तोच महत्त्वाचा.

शोध घेणाऱ्याने लेबलावर 'आउडे', म्हणजे 'जुनी', हा शब्द पाहावा. युरोपीय संघाने 'आउडे ग्यूझ' आणि 'आउडे क्रीक' या नावांना पारंपरिक पद्धतीचे संरक्षण दिलेले आहे, तर नुसत्या ग्यूझ या नावाखाली गाळलेली, गोड केलेली आणि पाश्चरीकरण केलेली बिअरही विकली जाते. तिच्यात जिवंत काही नसल्याने ती साठवून उपयोग नाही. आयझरिंगन या खेड्यात रविवारी सकाळी उघडणारे एक पेयगृह आहे. त्याच्या नावाचा अर्थ 'मोठ्या तहानेविरुद्धचा विमा' असा आहे आणि निरनिराळ्या भट्ट्यांच्या ग्यूझ तिथे शेजारी शेजारी ठेवून चाखता येतात.

तुलना करायची, तर रूसेलारे येथील रोडनबाखची तांबडी बिअर सोबत घ्यावी. तिच्या ग्रां क्रू या प्रकारात ओकच्या प्रचंड उभ्या पिंपांत दोन वर्षे मुरलेली बिअर दोन तृतीयांश आणि तरुण बिअर एक तृतीयांश असते. तिच्यातला व्हिनेगरचा, म्हणजे अॅसेटिक आम्लाचा, अंश नाकाला झोंबतो. लॅक्टिक आम्ल उडत नाही, म्हणून ग्यूझचा आंबटपणा ताकासारखा फक्त जिभेवर कळतो. तळाचा गाळ न ढवळता, तळघराच्या थंडाव्यावरच ओतावे, कारण बर्फासारख्या गारव्यात दोन्हींचे वास दबतात.

भाचीने त्याच दिवशी भरलेल्या खेपेतली दुसरी बाटली लूव्हेनच्या आपल्या तळघरात आडवी ठेवून दिली होती. पहिली उघडल्यानंतर दीड वर्षाने मी तिकडे गेलो, तेव्हा आम्ही ती उघडली. बूच अधिक जोराने सुटले, तबेल्याची छटा गडद झाली होती आणि लिंबाच्या सालीच्या जागी जर्दाळूसारखे काही आले होते. गिळल्यावर आम्ही दोघांनी मनात तीसपर्यंत आकडे मोजले, मग थेंब तळहातावर चोळले आणि हात नाकाशी नेले. गवत आणि ओले लाकूड होते, भाताचा वास नव्हता. भाचीने खात्रीसाठी स्वयंपाकघरातून सोडा आणला, चिमूटभर टाकला, आणि फेस खाली बसेपर्यंत आम्ही पेल्यावर वाकून उभे राहिलो. तेव्हाही आला नाही.