फायब्रोमा

तंतुमय संयोजी ऊतकापासून होणारी, कर्करोग नसलेली गाठ. फायब्रोब्लास्ट पेशी आणि त्यांनी तयार केलेले कोलॅजनचे तंतू यांची ती बनते. ती हळूहळू वाढते आणि शरीरात दुसरीकडे पसरत नाही. तंतू दाट असले की गाठ टणक लागते, विरळ असले की मऊ. त्वचेवरची टणक, तपकिरी गाठ, म्हणजे डर्मॅटोफायब्रोमा, बहुधा पायावर होते. चिमटीत दाबली की मधोमध खळगा पडतो.

तोंडातला फायब्रोमा बराच आढळतो. गालाच्या आत, दात मिटतात त्या रेषेवर, गुळगुळीत गुलाबी फुगवटा येतो. दुखत नाही, पण जीभ सारखी तिकडे जाते. टोकदार दात, सैल कवळी किंवा गाल चावण्याची सवय ही कारणे. काटेकोर अर्थाने हे अर्बुद (ट्यूमर) नसून सततच्या घासण्याला ऊतकाने दिलेला प्रतिसाद आहे. म्हणून गाठ काढली आणि दात तसाच ठेवला, तर ती पुन्हा येऊ शकते.

सुपारी आणि गुटख्याने होणारा सबम्युकस फायब्रोसिस मात्र वेगळा. त्यात गाठ नसते. गालाचे अस्तर पांढरट, ताठ होते, तोंड उघडेनासे होते आणि पुढे कर्करोगाचा धोका असतो. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी मुंबईत हे रुग्ण येतच असतात. तोंडात तिखट झोंबू लागले तरी तपासून घ्यावे.

गर्भाशयातले ‘फायब्रॉइड’ नावाने जवळचे असले तरी मुख्यतः स्नायूपेशींचे असतात. अंडाशयात मात्र खरा फायब्रोमा होतो. क्वचित त्यासोबत पोटात आणि छातीत पाणी साठते. याला मेग्ज सिंड्रोम म्हणतात. असे चित्र पाहून घरचे कर्करोगच धरून चालतात, पण गाठ काढल्यावर पाणी ओसरते.

मुंबईत ‘टाटाला दाखवा’ एवढे शब्द ऐकले तरी घर हादरते. परळच्या टाटा मेमोरियल या कर्करोग रुग्णालयात लोक बाहेरच्या लॅबमधले ब्लॉक (मेणात बसवलेले गाठीचे तुकडे) आणि स्लाइड (काचेवरचे पातळ काप) पिशवीत घालून फेरतपासणीला आणतात. हे योग्यच आहे, कारण निव्वळ हाताला कशी लागते यावरून गाठीचा स्वभाव ठरवता येत नाही. काढलेली गाठ लहान आहे म्हणून फेकू नये. फॉर्मालिनच्या, म्हणजे ऊतक टिकवणाऱ्या द्रावणाच्या, बाटलीत घालून पॅथॉलॉजीला पाठवावी.