चावण्याआधी तो रंगानं बजावतो

रंगीबेरंगी चष्मे ओळीनं मांडलेत, शॅमेलिऑन नावाचा रंग बदलणारा सरडा एकेका चष्म्यावर पाय ठेवतोय आणि दर वेळी त्याच रंगाचा होतोय, असे व्हिडिओ पुन्हा पुन्हा फिरत येतात. ते संगणकावर रंगवलेले असतात. शॅमेलिऑन पायाखालचा रंग पाहून आपला रंग जुळवत नाही. सरड्यासारखे रंग बदलणारा म्हणजे वेळ पाहून पलटणारा माणूस, असं आपण सर्रास म्हणतो, पण हा प्राणी रंगाच्या बाबतीत फार सच्चा आहे. त्याला राग आला, भीती वाटली, थंडी वाजली किंवा मादीच्या पोटात अंडी असली, की ते कातडीवर उमटतं. पाळलेला शॅमेलिऑन हातावर घेताना जे चावे बसतात, ते क्वचितच अचानक बसतात. इशारा आधी दिलेला असतो, फक्त तो कुणी वाचलेला नसतो.

हा इशारा तयार कसा होतो, ते पाहण्यासारखं आहे. जिनिव्हा विद्यापीठातल्या मिशेल मिलिंकोविच यांच्या गटानं 2015 मध्ये पँथर शॅमेलिऑन या जातीच्या कातडीचा बारकाईनं अभ्यास मांडला. या कातडीत इरिडोफोर नावाच्या पेशींचे एकावर एक दोन थर असतात. वरच्या थरातल्या पेशींमध्ये ग्वानिनचे अतिसूक्ष्म स्फटिक जाळीसारखे ओळीनं रचलेले असतात. आपल्या डीएनएमध्ये ज्या चार अक्षरांपैकी एक ग्वानिन आहे, तेच हे. स्फटिकांना स्वतःचा रंग नसतो. त्यांच्यावरून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळतात आणि कुठली तरंगलांबी ठळक होऊन बाहेर पडेल हे स्फटिकांमधल्या अंतरावर ठरतं. साबणाच्या फुग्यावरचे रंग ज्या व्यतिकरणानं दिसतात, त्याच जातीचा हा प्रकार.

नर निवांत असतो तेव्हा स्फटिक दाटीनं असतात आणि निळा प्रकाश परत फिरतो. त्यावर कातडीतल्या पिवळ्या रंगद्रव्याची गाळणी असल्यामुळे आपल्याला हिरवा दिसतो. समोर दुसरा नर आला की काही मिनिटांत स्फटिकांमधलं अंतर वाढतं, परत फिरणारा प्रकाश लांब लहरींकडे सरकतो आणि हिरव्याचा पिवळा, पिवळ्याचा केशरी होतो. संशोधकांनी कातडीच्या नमुन्याभोवतीचं द्रावण जास्त खारट केलं. पेशींतलं पाणी बाहेर पडलं, पेशी आक्रसल्या, स्फटिक जवळ आले आणि रंग निळ्याच्या दिशेनं सरकला. म्हणजे कुठलाही नवा रंग न ओतता, फक्त अंतर बदलून रंग बदलतो. काळपटपणा मात्र वेगळ्या यंत्रणेनं येतो. मेलॅनिन हे काळपट रंगद्रव्य असलेल्या पेशी झाडासारख्या फांद्या फुटलेल्या असतात. मेलॅनिन मधोमध गोळा झालं की कातडी उजळ दिसते, फांद्यांत पसरलं की स्फटिकांवर पडदा पडतो.

यामुळे दोन वेगवेगळे निरोप देता येतात. उजळणं म्हणजे आव्हान. रसेल लायगन आणि केव्हिन मॅकग्रॉ या संशोधकांनी 2013 मध्ये व्हेल्ड शॅमेलिऑन या दुसऱ्या जातीच्या नरांच्या झुंजींवर काम प्रसिद्ध केलं. ज्याच्या अंगावरचे पट्टे जास्त उजळ, तो पुढे चाल करून येण्याची शक्यता जास्त. ज्याचं डोकं जास्त उजळ आणि रंग जास्त वेगानं बदलणारा, तो जिंकण्याची शक्यता जास्त. उलट हरणारा काळवंडतो, म्हणजे शरण आलो, आता मारू नकोस.

आता हे हातापाशी आणा. पिंजऱ्याचं दार उघडल्यावर तो झळाळून उठला, बाजूनं चपटा होऊन ताटासारखा आडवा झाला, गळ्याची पिशवी फुगवली, डुलू लागला, तर तो भांडायला तयार आहे. पुढची पायरी तोंड वासणं आणि फुसकारणं, त्यानंतर चावा. इथे हात मागे घ्यायचा, पण हळूहळू. झटक्यानं ओढलेल्या हाताचा तो पाठलाग करू शकतो.

जास्त फसवा असतो तो काळवंडलेला. हातावर गडद होऊन, अंग आवळून, न हलता बसलेल्या शॅमेलिऑनला "किती शांत आहे" म्हणतात. तो शांत नसतो, त्यानं हार मानलेली असते. दिवसाढवळ्या हातावर डोळे मिटून घेणं हेही सुखाचं लक्षण नाही. ताण किंवा आजारपण असतं. गडद रंगाचं एक निरुपद्रवी कारणही आहे: सकाळी ऊब शोषून घ्यायला तो गडद होतो, पण तेव्हा अनेकदा दिव्याकडची बाजूच काळी असते, दुसरी फिकी, आणि तोंड मिटलेलं. तोंड उघडं ठेवून दिव्याखाली बसला असेल तर त्याला गरम होतंय. दिव्यापासून लांबही तोंड उघडंच राहत असेल, श्वासाला आवाज येत असेल, तर श्वसनाचा संसर्ग असू शकतो आणि त्याला हाताळणी नको, पशुवैद्य हवा. अंडी धरलेली व्हेल्ड मादी गडद अंगावर पिवळे-निळे ठिपके दाखवते. तिला हात लावू नये.

निरोगी प्राण्याला हातावर घ्यायचं तर तो ऊब घेऊन ताजा झाल्यावर, सकाळ उलटल्यावर. वरून येणारा हात त्याच्यासाठी झडप घालणारा पक्षी असतो, म्हणून हात समोरून, त्याच्या नजरेखालच्या पातळीवरून न्यायचा. बोटं जुळवून तळहात आडवा धरायचा आणि छातीपुढे, तो ज्या फांदीवर आहे तिच्यापेक्षा किंचित वर ठेवून थांबायचं. शॅमेलिऑनला वर चढणं आवडतं. तो एक पुढचा पाय टाकतो, चाचपतो, मग दुसरा. अडला तर शेपटीच्या बुंध्याशी दुसऱ्या हाताचं बोट अलगद टेकवावं, ढकलू नये. एक बोट सुटं लांबवून हलवू नये. दोन्ही डोळे एकदम त्या बोटावर रोखले गेले आणि ओठ किंचित विलगले, तर त्याला ती अळी वाटली आहे आणि जीभ सुटायच्या बेतात आहे.

ओढून काढणं हा सगळ्यात महागात पडणारा प्रकार. त्याचा पंजा म्हणजे चिमटा: पुढच्या पायाला आतून तीन आणि बाहेरून दोन बोटं, मागच्या पायाला उलट. पाचवी पकड शेपटीची. पालीची शेपटी तुटून पुन्हा उगवते, तशी ही उगवत नाही. पायाने फांदी घट्ट धरलेली असताना अंग ओढलं तर नखं उपटतात, सांधे दुखावतात, आणि कॅल्शियमच्या कमतरतेनं हाडं मऊ झाली असतील तर पायच मोडतो. वाकलेले पाय किंवा मऊ जबडा दिसला तर हाताळणी पूर्ण बंद. नाइलाजानं सोडवायचंच असेल तर पोटाखाली आधार देऊन एकेक पंजा, बोटांच्या टोकाकडून उकलायचा आणि सुटलेला पंजा लगेच दुसऱ्या कशावर तरी टेकवायचा. हवेत लोंबकळणारा शॅमेलिऑन घाबरतो. आपण जमिनीवर किंवा पलंगावर बसलेलं बरं, पडला तरी उंची कमी राहते. पाचदहा मिनिटं पुरेत, तीही रोज नाहीत.

चिडक्या प्राण्यासाठी हात वापरूच नये. 1 ते 2 सेंटिमीटर जाडीची, खरखरीत सालीची फांदी पुढे धरावी. तो तिच्यावर चढला की फांदीसकट हलवावं. पिंजऱ्याच्या दाराशी पानांनी भरलेली कुंडी लावली की पुष्कळ आक्रमक नर स्वतःच बाहेर येऊन तिच्यावर चढतात. त्यांचा राग बहुधा आपल्या हद्दीत शिरलेल्या हातावर असतो, हद्दीबाहेर तेच बरेच निवळतात. जाड चामडी हातमोजे सुरक्षित वाटतात, पण त्यांत आपण किती दाबतोय ते कळत नाही. बागकामाचे पातळ, घट्ट बसणारे मोजे त्यापेक्षा चांगले. सवय लावायची तर दुसऱ्या हातानं अळी देत काही आठवडे फक्त हात दाराशी ठेवायचा. काही शॅमेलिऑन तरीही सवयीचे होत नाहीत. त्यात पाळणाऱ्याचा दोष नाही, प्राण्याचाही नाही. त्यांना पाहावं, हातावर घेऊ नये. पुढचा पाय हवेत पसरलेला पाहून "उचलून घे म्हणतोय" असं व्हिडिओंखाली लिहिणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं: तो पळायला फांदी शोधत असतो.

औषध पाजायला धरावंच लागलं तर अंगठा आणि तर्जनी डोक्यामागे, जबड्याच्या कोपऱ्याशी, आणि उरलेलं अंग तळहातावर. बरगड्यांवर दाब नको. सरड्यांना आपल्यासारखं श्वासपटल नसतं. बरगड्या हलल्या तरच हवा आत जाते. मूठ आवळली की श्वास कोंडतो.

आणि चावला तर? तो विषारी नाही. त्याच्या थुंकीनं आंधळेपणा येतो, नजरेनं अशुभ होतं या निव्वळ अंधश्रद्धा आहेत. मोठ्या व्हेल्ड नराच्या चाव्यानं कातडी फाटते एवढंच. हात ओढायचा नाही, कारण त्याचे दात खोबणीत बसलेले नसून जबड्याच्या हाडाच्या कडेला जोडलेले असतात. झटक्यात मोडले तर पुन्हा येत नाहीत आणि मोडलेल्या जागी जबड्याला संसर्ग होऊ शकतो. हात स्थिर ठेवून त्याच्या पायांखाली फांदी द्यायची. पायांना पकड मिळाली की बहुतेक वेळा जबडा सुटतो. जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पाच मिनिटं धुवायची. सूज किंवा लाली वाढली तर डॉक्टरांकडे जायचं. चावला नसला तरी हात धुवायचेच, निरोगी दिसणाऱ्या सरपटणाऱ्या प्राण्याच्या अंगावरही साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. पाच वर्षांखालच्या मुलांच्या हातात तर शॅमेलिऑन देऊच नये.